एका नोंदीची दोन माणसं

१

साडेपाचला ताई आतल्या खोलीतला नळ बंद करते. पाण्याचा आवाज थांबला की मी कॉम्प्युटर बंद करायला घेतो, मग खिडक्या, मग दिवे. एकोणीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही.

आम्ही कृत्रिम पाय बनवतो. ताई माप घेते, उरलेल्या पायावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा काढते, आणि तो साचा भरून पांढरा ठोकळा तयार करते. त्या ठोकळ्यावर पायाची वाटी बनते, म्हणजे माणूस आपला उरलेला पाय ज्यात घालतो ती. मी वाट्या घासतो, माणसाला दोन कठड्यांच्या मध्ये उभं करून चालायला शिकवतो आणि सगळ्यांच्या नोंदी ठेवतो. नोंदी एका जुन्या डेटाबेसमध्ये आहेत. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, तो कुणा ओळखीच्या माणसाकडून करून घेतला होता. तो माणूस पुढे परदेशी गेला आणि आमच्या पत्रांना त्याने कधी उत्तर दिलं नाही, पण त्याचं काम पक्कं होतं. आप्पा गेले, कॉम्प्युटर तीनदा बदलला, डेटाबेस तोच राहिला.

त्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. खिडकी मिटायच्या ऐवजी पांढरी फटक पडली, कर्सर गोल गोल फिरत राहिला, आणि मग निरोप आला की प्रोग्रॅम अचानक बंद करावा लागला, तसदीबद्दल क्षमस्व. पुन्हा उघडला तर सगळं जागच्या जागी. दिवसभर काही बिघडलेलं नव्हतं. फक्त बंद करताना तो कोसळत होता.

ताई हात पुसत दारात उभी होती. मी सांगितलं तर म्हणाली, "लवकर दुरुस्त करून टाक, बाळू. अर्धवट राहिलेलं बरं नव्हे."

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. मला अजूनही बाळू म्हणणारी जगात ती एकटीच. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ती चौदा. माझे केस तिने विंचरले, माझ्या शाळेतल्या तक्रारी तिने ऐकल्या. तिने सांगितलं की मी करतो, का ते विचारायची सवय मला कधी लागलीच नाही.

२

मंगळवारी मी कामाला लागलो. मला यातलं थोडंफार कळतं. आधी फाईलची प्रत काढून ठेवली. मग प्रिंटर काढून पाहिला, कारण कधी कधी बंद होताना हे प्रोग्रॅम प्रिंटरला शोधत बसतात. नंतर डेटाबेस आवळून दुरुस्त करण्याची सोय असते ती वापरली. फाईल थोडी लहान झाली, रोग तसाच. मग कोरी नवी फाईल घेऊन एकेक तक्ता, एकेक फॉर्म तिच्यात आणला आणि प्रत्येक वेळी बंद करून पाहिलं. तक्ते आणले, नीट बंद झाली. फॉर्म आणले, नीट बंद झाली. शेवटी सगळं आणून झाल्यावर बंद केली आणि ती पुन्हा पांढरी पडली.

म्हणजे दोष एखाद्या भागात नव्हता. सगळे भाग एकत्र आले की तो यायचा. कागदावर मी अगदी असंच लिहून ठेवलं आणि स्वतःवरच खूश झालो.

दुपारी ठकी आली. ठकी म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. एकोणीस वर्षांची आहे, पण जिना कधी चालत चढलेली नाही, पळतच येते. तिला सायकल मी शिकवली, पोहायला मी नेलं. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत ती म्हणाली, मामा, तुझा हा प्रोग्रॅम तुझ्यासारखाच आहे, दिवसभर गुणी आणि घरी जायची वेळ झाली की फुगून बसतो. मी हसलो. ताई आतून बाहेर आली आणि ठकीला म्हणाली की तू आता घरी जा, इथे धूळ आहे. इतक्या वर्षांत इथल्या धुळीबद्दल ती ठकीला कधी बोलली नव्हती.

३

बुधवारी मी क्लिक करून नुसता पडद्याकडे बघत बसलो. पांढरं पडायच्या आधी, डोळ्याची पापणी लवायच्या आत, तळाच्या पट्टीत एक ओळ येऊन गेली. मला ती नीट वाचता येईना. मग मोबाइलवर चित्रण केलं आणि थांबवून थांबवून पाहिलं.

"नोंद ४११२ जतन होत आहे."

आमच्याकडची शेवटची नोंद ४१११ होती. गेल्या शुक्रवारी आलेल्या शिंपीणबाईंची, उजवा पाय. त्यानंतर आमच्याकडे नवीन कोणी आलेलंच नव्हतं.

मी मनाशी पटवलं. एखादी कोरी नोंद चुकून उघडली गेली असेल, प्रोग्रॅम ती जपायचा प्रयत्न करतोय आणि रिकामी म्हणून ठेचकाळतोय. असं होतं. मी शेवटच्या नोंदीपर्यंत जाऊन पाहिलं. ४१११ नंतर काही नव्हतं. मोजणी मात्र ४११२ दाखवत होती.

त्याच वेळी माऊसच्या डाव्या बटणावर माझं लक्ष गेलं. त्यावर बोटाचा पांढरा ठसा होता, वाळलेल्या प्लास्टरचा. आमच्याकडे प्लास्टर कुठेही सापडतं, कपाटातल्या चहाच्या डब्यातही. पण ताई कॉम्प्युटरला हात लावत नाही. तिचे हात कायम ओले, आणि तिला त्यातलं कळत नाही असं तीच सांगत आली आहे. मी ठसा पुसला. आतल्या खोलीत पाणी वाहत होतं. पावणेपाच वाजले होते, आणि त्या दिवशी धुण्यासारखं काहीच काम निघालेलं नव्हतं.

४

गुरुवारी मी हात टेकले आणि अशा डेटाबेसची कामं करणाऱ्या एका माणसाला फोन लावला. त्याला सर्दी झाली होती. दर वाक्यानंतर तो शिंकायचा आणि माफी मागायचा. त्याने दुरून आमचा पडदा आपल्याकडे घेतला. माझ्या हाताशिवाय बाण फिरू लागला, फाईलच्या पोटात शिरला.

थोड्या वेळाने त्याने सांगितलं की इथे एक लपवलेला तक्ता आहे. बनवणाऱ्यानेच लपवला असणार, फार जुना आहे. त्यात मोजक्या नोंदी आहेत आणि शेवटची अडकली आहे. प्रोग्रॅम बंद होताना ती कायम करायला जातो आणि आपटतो.

"का आपटतो?" मी विचारलं.

"एका नोंदीला दोन माणसं चिकटलीत. आधी एकाचा क्रमांक पडला होता, तो काढून कुणीतरी हाताने दुसऱ्याचा घातलाय. पण जुना सुटलेला नाही. दोन्ही ठेवता येत नाहीत, साहेब. एक ठेवा, एक सोडा."

पडद्यावर छोटी चौकट आली. त्यात दोन आकडे होते, ९ आणि ३. हे क्रमांक प्रोग्रॅमच्या पोटातले असतात, आम्हाला एरवी फक्त नावं दिसतात. तो म्हणाला, कुणाची काय माहिती आहे ते मी बघणार नाही, तुम्हीच निवडा.

मी ताईला हाक मारली. तिला सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं की यातला कुठला खरा, तुला काही आठवतंय का. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिचा श्वास माझ्या केसांना लागत होता. फोनवरचा माणूस दोनदा 'हॅलो' म्हणाला.

"तीन ठेव," ती म्हणाली.

मी तीनवर क्लिक केलं.

फोनवरचा माणूस म्हणाला, आता बंद करून बघा. मी फुलीवर क्लिक केलं. खिडकी अलगद मिटली. मागचा निळा पडदा दिसला, त्यात माझा चेहरा आणि वर ताईचा. मी आनंदाने टाळी वाजवली. ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिचा हात थंड होता. मला वाटलं, पाण्यातून आली असेल.

त्या संध्याकाळी तिने मला तिच्या घरी जेवायला नेलं आणि माझ्या ताटात पुन्हा पुन्हा वाढत राहिली. ठकीकडे मात्र नुसती बघत होती.

५

शुक्रवारी सकाळी मी लपवलेला तक्ता उघडला. कसा उघडायचा ते आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं. काम संपलं होतं खरं, पण दुरुस्त झालेली वस्तू मी एकदा उघडून पाहतोच.

अकरा नोंदी होत्या. क्रमांकांपुढे नावं जोडून घेतली. पहिली नोंद एका ड्रायव्हरची. मला तो आठवत होता, उजवा पाय, गुडघ्याखाली. त्याच्या नोंदीवरची तारीख वाचून मला वाटलं, वर्ष चुकलंय. तो आमच्याकडे आला त्याच्या सात महिने आधीची तारीख होती. सात महिने आधी तो दोन पायांनी गाडी चालवत होता, आणि आम्ही त्याला ओळखतही नव्हतो.

पुढच्या नोंदी मी एकेक करून मुख्य तक्त्याशी ताडून पाहिल्या. मापं जुळत होती, मिलिमीटरपर्यंत. तारखा सगळ्या आधीच्या, कुठे चार महिने, कुठे अकरा.

चौथी नोंद आप्पांची होती.

आप्पांच्या टाचेला नव्या बुटाने फोड आला होता. साखर होती त्यांना. तीन आठवडे त्यांनी डॉक्टरकडे जायचं टाळलं, एवढ्याशा फोडासाठी कशाला, म्हणाले, आणि मीही त्यांना दुजोरा दिला. ताई रोज खाली बसून पट्टी बदलायची. मग पाय काढावा लागला, आणि त्यानंतर ते वर्षभरही राहिले नाहीत. नोंदीवरची तारीख फोड येण्याच्या पाच महिने आधीची होती. नोंद पाहिली गेल्याची खूण होती, आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात ताईचं नाव होतं.

आप्पांपासून पुढच्या प्रत्येक नोंदीवर पाहणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव होतं.

शेवटच्या नोंदीपर्यंत जायला मला वेळ लागला. मी उठलो, पाणी प्यायलो, शिंपीणबाईंची वाटी घासायला घेतली आणि ठेवून दिली. मग जाऊन वाचलं. क्रमांक ३ म्हणजे मी. डावा पाय, गुडघ्याखाली चौदा सेंटिमीटर. कारणाचा रकाना कोरा. काढून टाकलेला क्रमांक, ९, ठकीचा. आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं, तेव्हा तान्ह्या असलेल्या ठकीचंही, आप्पांनी सुरुवातीलाच यादीत घालून ठेवली होती, प्रोग्रॅम चालतो का ते बघायला.

६

ताई त्या सकाळी बाहेर गेली होती. मी आतल्या खोलीत गेलो आणि तिथून सुकवणीच्या खोलीत. ही खोली अरुंद आहे, खिडकी नाही, दोन्ही बाजूंना फळ्या. फळ्यांवर ठोकळे उभे असतात, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. इथे ओल्या चुन्यासारखा वास येतो आणि आवाज दबतो. स्वतःचं खोकणंही दुसऱ्याचं वाटतं.

सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, ओल्या कापडाखाली एक ठोकळा होता. नाव नव्हतं. मी कापड उचललं.

आमचे ठोकळे म्हणजे उरलेल्या पायाची हुबेहूब प्रत असते. कातडीची सुरकुती, टाक्यांची रेघ, सगळं उतरतं. हा गुडघ्याखाली नोंदीतल्याएवढाच गेला होता आणि मग गोल मिटला होता. मिटलेल्या टोकाशी टाक्यांची आडवी रेघ होती. गुडघ्याच्या वाटीखाली इंग्रजी वाय अक्षरासारखा व्रण होता.

मी फरशीवर बसलो, पँट वर घेतली आणि डावा पाय ठोकळ्याशेजारी धरला. वाय माझ्या गुडघ्याखाली होता, नववीत असताना तारेच्या कुंपणावर पडलो त्याचा. एक बोट ठोकळ्यावर, एक बोट पायावर ठेवून मी व्रणावरून फिरवलं. दोन्ही बोटं एकाच वेळी वळली.

माझ्या पायाचा साचा आजवर कोणीही घेतलेला नाही. शपथेवर सांगतो. ठोकळा कोमट होता. प्लास्टर घट्ट होताना तापतं, ते मला ठाऊक आहे. पण ते अर्ध्या तासात निवतं, आणि तिथे सकाळपासून कोणी आलेलं नव्हतं.

७

ती परत आली तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो, पँट वर घेतलेली. तिने पिशवी खाली ठेवली. काय झालं असं तिने विचारलं नाही. ती समोरच्या फळीला टेकून खाली बसली. त्या खोलीत दोन माणसं बसली की गुडघ्याला गुडघे लागतात.

मी एकेक विचारत गेलो. मापं कुठून येतात ते तिला माहीत नाही. सुरुवातीला तिला वाटलं होतं, कुणीतरी खोड्या करतंय. आप्पांना काही माहीत नव्हतं. ठोकळा ती बनवत नाही. सकाळी पोत्यातलं प्लास्टर कमी झालेलं दिसतं, आणि फळीवर कापड भिजलेलं असतं.

"सोमवारी तो बारीक होता, बाळू," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी दाखवलं. "एवढासा. गुडघ्याखाली तो तीळ आहे ना ठकीचा, तोही होता."

मग तिने सांगितलं की मी जेवायला गेलो असताना तिने क्रमांक बदलला. तिला कॉम्प्युटरमधलं कळतं, आधीपासूनच. पण नोंद कायम होईना, आणि ठोकळा तसाच बारीक राहिला. म्हणून तिने मला दुरुस्त करायला सांगितलं.

"आप्पांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? रोज पाय उलटा करून बघत बसले असते."

"डॉक्टरकडे गेले असते."

 बाहेर कुणीतरी घंटा वाजवली, वाट पाहिली आणि गेलं.

मला खरं तर ओरडायचं होतं. तिला विचारायचं होतं की मला नुसतं सांगितलं असतंस तर, ठकीसाठी, मी नाही म्हणालो असतो का. पण तो प्रश्न माझ्या तोंडून येईना, कारण उत्तर मला माहीत नव्हतं आणि तिलाही माहीत नसणार. ती मला निवडू न देता निवडून मोकळी झाली होती. माझं बोट वापरून.

शेवटी मी एवढंच विचारलं, "ठकीच्या जागी माझा नंबर घालताना तुला किती वेळ लागला?"

तिने खरंच आठवून पाहिलं. ती खोटं बोलली नाही, हे मला तिच्याबद्दल अजूनही म्हणता येतं.

"वेळ नाही लागला रे," ती म्हणाली.

८

त्यानंतर मी ती नोंद पुसून पाहिली. पुसली जाते. दुसऱ्या दिवशी तिथेच असते. ठोकळा हातोड्याने फोडला आणि तुकडे स्वतः नेऊन टाकले. तीन दिवसांनी खालच्या फळीवर कापड भिजलेलं होतं. मी ते उचललं नाही.

एकच गोष्ट करता येते. त्या नोंदीत ३ च्या जागी ९ टाकता येतो. एका दुपारी मी टाकला. कर्सर ९ च्या पुढे लुकलुकत होता. जिन्यावर पळत येणारी पावलं वाजली, एकामागून एक, मधली पायरी गाळून, आणि मी तो खोडून पुन्हा ३ केला. ठकीने आत येऊन विचारलं की मामा, तुला घाम का आलाय. मी म्हणालो, पंखा बंद आहे. पंखा चालू होता.

डॉक्टरकडे जाऊन आलो. साखर नाही, रक्त नीट वाहतं, दोन्ही पाय ठणठणीत आहेत. त्यांनी विचारलं, काही त्रास होतोय का. काय सांगणार? मी जिना कठडा धरून उतरतो, चावतील असे बूट वापरत नाही, घासण्याचं यंत्र चालवताना डावा पाय मागे ठेवतो. त्या नोंदीला पाच महिने झाले आहेत.

कार्यशाळा सोडून जायचा विचार केला होता. गेलो नाही. माणसं येत राहतात, त्यांना उभं करावं लागतं, आणि दुसरं मला काही येत नाही. ताईशी मी कामापुरतं बोलतो. ती मला पूर्वीपेक्षा जास्त जपते. डबा आणते, माझ्या खुर्चीवर उशी ठेवते. तिने एक शब्द कठोर बोलावा अशी मी वाट पाहतो, म्हणजे मला तिचा राग तरी धड करता येईल.

काल आम्हाला दोघांना मिळून वाट्यांच्या आत लावायचा फोम आणायला जायचं होतं. रस्ता सपाट होता, ऊन होतं, गर्दी नव्हती. चालता चालता ताई माझ्या मागून वळसा घेऊन डावीकडे आली आणि माझ्या कोपराखाली हात धरला. नवा पाय लावून पहिल्यांदा बाहेर निघालेल्या माणसाला आम्ही असंच धरतो. गेलेल्या पायाच्या बाजूने, घट्ट नाही, नुसता आधार, म्हणजे त्याला वाटावं की आपण आपले चालतोय. तिला बहुधा कळलंही नाही ती काय करते आहे. मी हात सोडवून घेतला.

दहा-बारा पावलं गेल्यावर तिने तो पुन्हा धरला, आणि माझा वेग तिच्या वेगाशी जुळला.